विलार्डचे पणजोबा

दुसऱ्यांच्या पणजोबांना युद्धातून माघारी बोलवायचं, हा विलार्ड हार्टझेलचा छंद. ओहायोतल्या त्या गावात धंदा नळदुरुस्तीचा, पण जीव सगळा अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या रायफलींवर. कुणी माळ्यावरची बंदूक 'पणजोबा हिच्यानंच लढले' म्हणत कौतुकानं घेऊन आलं की हा भिंग लावणार, तपासनिसाचा शिक्का शोधणार, दस्त्याचं लाकूड हुंगणार आणि म्हणणार, "बंदूक खरी आहे. तुझे पणजोबा खोटे." मग रडवेल्या माणसाला स्वतःच कॉफी पाजणार.

त्याचा कडक नियम एकच : खूण पुसायची नाही. गंज तेलाच्या चिंधीनं हळूहळू उतरवावा. पण ओरखडा ओरखड्याच्या जागी राहिला पाहिजे. दस्त्याला पॉलिश कागद मारणाऱ्याशी तो बोलणंच टाकायचा.

घरच्या रायफलीच्या दस्त्यावर 'बी. एच.' अशी वेडीवाकडी अक्षरं होती. म्हणजे पणजोबा बार्नाबस हार्टझेल! इथे मात्र भिंग खिशातच. "घायाळ सैनिकाचा हात आहे हा. संगिनीच्या टोकानं कोरलंय. अक्षरांचा कल बघा, डावखुरे होते!" बार्नाबस डावखुरे असल्याचा दुसरा पुरावा जगात नव्हता.

यंदा पहिल्या नंबराची निळी फीत मिळवायचीच, या हट्टानं त्यानं अग्निशमन केंद्राच्या हॉलमधल्या प्रदर्शनात ती मांडली. पुढ्यात पाटी : 'घायाळ सैनिकाच्या हातची अक्षरं'. ज्यांचे पणजोबा त्यानं बुडवले होते, ते झाडून सगळे हजर. परीक्षक वाकून बघताहेत, तेवढ्यात त्याची थोरली बहीण ब्यूला केक खात खात आली. काटा डाव्या हातात.

"अगं बाई, अजून आहे होय हे? विली, हे मी कोरलंय रे!"

"ब्यूला, गप्प बस."

"गप्प काय? तू जन्मलास आणि मला कुणी विचारेना. घेतला खिळा!" मग तिनं पाटी वाचली. "घायाळ? हो, झाले होते की! आईनं लाटण्यानं बदडलं होतं."

गेल्याच वर्षी पणजोबा गमावलेला ड्युएन पुढे झाला. "विलार्ड, बंदूक खरी आहे रे. पण तुझे पणजोबा..." पुढचं त्याला हसण्यामुळे बोलता येईना.

फीत गेली. परत निघताना कुणीतरी कळवळून सुचवलं, "अक्षरांत मेण भर. कळायचं नाही कुणाला."

"खूण पुसायची नाही!" विलार्ड सवयीनं गरजला, आणि मग स्वतःच खाली बसला.

पुढच्या प्रदर्शनात पाटी बदलली होती : 'अक्षरं नंतरची'.

ब्यूलानं वाचली आणि कमरेवर हात ठेवला. "नंतरची? मेल्या, मी तुझ्या आधीची आहे!"