गाडीखाली आधी मामा

शेवटच्या भेटीत वामनमामांनी मला औषधाची बाटली उजेडाकडे धरायला लावली होती. कर्जतच्या डॉक्टरांनी दिलेले तांबूस औषध. बूच काढताच खोलीभर कडवट वास पसरला. "तळाशी गाळ दिसतोय गं," ते म्हणाले. मी म्हटले, "मामा, ते हलवूनच घ्यायचं असतं." "असं त्यांनी सांगितलं..." एवढेच बोलून त्यांनी डोळे मिटले. औषध घेतले, पण पटले म्हणून नव्हे, माझा हात अवघडला म्हणून. त्याच आठवड्यात तापाने त्यांना नेले. आता काही आठवडे उलटल्यावर लिहायला बसले आहे, तर त्यांचा चेहरा आठवतो तो बारीक केलेल्या डोळ्यांचाच.

खालापूरजवळच्या दगडखाणीवर मामा देखरेखीला होते. खाणीपासून रस्त्यापर्यंत अरुंद रूळ टाकलेले होते. त्यांवरून माणसे खडीने भरलेल्या लोखंडी गाड्या ढकलीत आणीत आणि रस्त्यावर ती खडी लॉरीत चढे. लॉरीचे चाक बदलायचे असो की रुळावरून उतरलेली ढकलगाडी उचलायची असो, जॅक एकच: काळा, ओतीव लोखंडाचा, दोघांनी बांबूला टांगून न्यायचा. एका पावसाळ्यात वरच्या वळणावर ढकलगाडी कलंडली आणि लॉरीचालक धर्माचा धाकटा भाऊ तिच्याखाली सापडला. चिखलातून घसरत तो जॅक वर पोचेपर्यंत त्या मुलाचा पाय वाचण्यापलीकडे गेला होता. त्या दिवशी मामा घरी आले तेव्हा त्यांच्या धोतराला ओल्या लोखंडाचा वास येत होता आणि ते जेवले नाहीत. हलका जॅक आणायचाच, हे त्यांनी तेव्हा ठरवले. अडचण एवढीच होती, की हलक्या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

नुकतेच महायुद्ध संपले होते. लष्कराने काढून टाकलेले सामान मुंबईचे व्यापारी गावोगाव विकीत. असाच एक जण तेलाच्या दाबाने उचलणारा जॅक घेऊन मामांच्या अंगणात आला. जॅक हिरवागार, देखणा, एका हाताने उचलता येईल असा. मामांनी तो हुंगला. "रंग ताजा आहे. जुन्याला नवा रंग कशासाठी?"

"साहेब, गंजू नये म्हणून."

"गंजलेला दिसू नये म्हणून, असंही असेल."

धर्मा चिडला. "मामा, तुमी वास घेत बसा. तवर अजून कुनाचा तरी पाय जाईल. ह्यो एकटा घेऊन पळता येतोय, दिसत नाय काय तुमाला?"

"दिसतंय रे. म्हणूनच भीती वाटते."

मामांची परीक्षेची एक रीत होती. भरलेली लॉरी जॅकवर चढवायची आणि चाकांच्या आसाखाली करंगळीएवढी फट ठेवून मातीचे बोळके मांडायचे. जॅक हळूहळू बसू लागला, तर बोळके फुटून सांगते. व्यापाऱ्याने लॉरी आंब्याच्या सावलीत घ्यायला लावली. उन्हात लोखंड तापते म्हणाला. मग सगळे ओटीवर जेवायला बसले. आमटीचा वास, पानावरचा गरम भात, आणि प्रत्येक घासागणिक अंगणाकडे लागलेले कान... काही वाजले नाही. बोळके अखंड होते. धर्माने मांडीवर थाप मारली. "झालं का समाधान? आता तरी घ्या!"

मामा मात्र बोळक्यापाशी उकिडवे बसले. मग जॅक थोडा चढवून त्यांनी बोळके हलकेच उचलले. खाली ओल्या मातीत त्याच्या बुडाचा खोल गोल ठसा उमटला होता. आस खाली आला होता. फुटण्याऐवजी बोळके जमिनीत दबले होते. आंब्याखालची ती जागा मामींच्या सांडपाण्याने बारमाही ओली असे, आणि हे मामांना ठाऊक असूनही त्यांनी तिथे लॉरी लावू दिली होती. व्यापाऱ्याने सावली मुद्दाम निवडली की सहज, हे त्यांना अखेरपर्यंत ठरवता आले नाही. पण त्या दिवसापासून ते स्वतःच्या परीक्षेवरही संशय घेऊ लागले.

तो जॅक परत गेला. पुढे त्यांनी दांडा फिरवून चढवायचा, आट्यांचा जॅक आणला. तेलाच्या जॅकहून थोडा जड, पण एका खांद्यावर मावणारा. फरशीवर तो डळमळला नाही. रुळांजवळच्या सैल खडीत मात्र त्याचे बूड रुतले, म्हणून मामांनी त्याच्याबरोबर सागाची एक रुंद फळी कायमची जोडून दिली. तरीही मन निवेना. लॉरी चढवली आणि ते स्वतः तिच्याखाली जाऊन उताणे पडले. मामी ओटीवरून ओरडल्या, "अहो, वय काय तुमचं! बाहेर या आधी!" आतून आवाज आला, "मी नको, तर कोणाला पाठवू?" बऱ्याच वेळाने पाठीला माती माखून ते बाहेर आले आणि फक्त "हं" म्हणाले. तेव्हापासून तोच नेम झाला: आधी मामा, मग त्यांचे "हं", मग धर्मा.

गेल्या वर्षी वळणावर पुन्हा एक ढकलगाडी उलटली. धर्मा जॅक खांद्यावर टाकून एकटा चढण पळाला. फळी दुसऱ्याने घेतली. खालचा माणूस खरचटलेल्या पायाने, पण दोन्ही पायांनी उभा राहिला. लोक त्याला मिठ्या मारीत होते. धापा टाकीत मागून पोचलेले मामा जॅकच्या आट्यांवरून बोट फिरवीत होते, कुठे वाकला तर नाही ना म्हणून. "मामा, आता तरी हसा की!" धर्मा म्हणाला. "उद्या हसू," मामा म्हणाले.

परवा मी खालापूरला गेले, तेव्हा लॉरी अंगणातच उभी होती, एका चाकात हवा नव्हती आणि आसही खालून तपासायचा होता. धर्माने फळी टाकली, जॅक लावला, दांडा फिरवून लॉरी चढवली आणि तो नुसताच उभा राहिला. कपाळाचा घाम त्याने पुसला नाही. दुपार इतकी स्तब्ध होती, की तापलेल्या टपावर पडणारे पानही ऐकू यावे. "जातो खाली," तो म्हणाला, पण गेला नाही. मग माझ्याकडे न पाहता पुटपुटला, "आधी कुनी 'हं' म्हनायला नाय ना आता..."

तेव्हा मामी पायऱ्या उतरल्या. लुगड्याचा ओचा सावरून त्या जमिनीशी वाकल्या आणि चाकाऐवजी फळीच्या कडेकडे पाहू लागल्या, डोळे बारीक करून.

"फळी डावीकडनं उचललीय रे. लॉरी उतरव."

धर्माने लॉरी उतरवली, फळीखालचा खडा काढला, पुन्हा चढवली आणि गुडघे टेकले.

"थांब," मामी म्हणाल्या. "अजून थोडं थांब."