बावीस तासांचं गणित

आई एकटी विमानाने येणार हे कळलं तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. मला सातवा महिना, शिकागोत जवळचं कुणी नाही, म्हणून ती निघालेली. साताऱ्याबाहेर फारशी न गेलेली, इंग्रजीचं अक्षर न येणारी बाई आठ हजार मैल कशी येईल? दादाचं पत्र आलं होतं: मंगळवारी पहाटे पाचला मुंबईहून निघेल, बावीस तास लागतील. माझी शाळा सातवीतच सुटली, पण बेरीज पक्की, असा माझा समज. पाचात बावीस मिळवले आणि यांना ठामपणे सांगितलं, "बुधवारी पहाटे तीनला उतरेल." हे म्हणाले, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." मंगळवारी ते निर्धास्त कारखान्यात गेले.

मला मात्र घरात बसवेना. आईचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून गणपतीपुढे नारळ ठेवावा असं मनात आलं आणि दुपारी बसने डेव्हन ॲव्हेन्यूच्या भारतीय बाजारात गेले. दुकानात एकेक नारळ कानाशी हलवून बघत होते, तर मागून एक काकू म्हणाल्या, "नारळ घेतेयस की त्याच्याशी फोनवर बोलतेयस?" मराठी ऐकून मी सगळंच सांगून टाकलं. त्या ऐकता ऐकता थांबल्या.

"आज पहाटे पाचला निघाली ना? मग उद्या कशी येईल? इथलं घड्याळ साडेदहा तास मागे. तुझी आई आज साडेचारला उतरतेय."

दुकानातल्या घड्याळात चार वाजून गेले होते. माझे डोळे भरून आले. काकूंनी माझा हात धरला. "चल, गाडी बाहेरच आहे. रडायचं ते गाडीत रड, तेवढाच वेळ वाचेल."

वाटेत मी एकच म्हणत होते, देवा, माझं गणित चुकलं, आता तूच सांभाळ. आम्ही पोचलो तेव्हा माणसं नुकती बाहेर येऊ लागली होती. थोड्या वेळाने नऊवारीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट अशी आई ट्रॉली ढकलत आली. मला बघून म्हणाली, "किती वाळलीस गं." मग काकूंची ओळख होताच तिथेच डबा उघडून तिने त्यांच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. काकूंनी तो उभ्याउभ्या खाल्ला आणि दुसरा मागून घेतला. आम्ही तिघी हसत होतो.

त्या काकू त्याच वेळी, त्याच दुकानात, माझ्याच मागे का उभ्या होत्या, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मी हात जोडते, एवढंच. गाडीत आईला सगळं सांगितलं, म्हटलं, मी आले नसते तर? बावीस तास तुला भीती नाही वाटली?

"भीती कसली?" आई म्हणाली. "विमान मला थोडंच चालवायचं होतं? मी आपली देवाचं नाव घेत बसले, झोप आली तशी झोपले."