बाबांच्या आवाजासाठी

आई नंदाखालहून माझ्याकडे बोळिंजला राहायला आली, ती पिशवीत केळफूल आणि माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घेऊन. कॅसेटला आतून पांढरी बुरशी धरली होती.

"हिची सीडी करून आण," म्हणाली.

"आता काय बघायचंय त्यात?" मी वैतागले.

"तुला नाय बघायचं. तुझ्या बाबांचा आवाज आठवेनासा झालाय मला. चेहरा फोटोत आहे. आवाज कुठं आहे?"

बाबा गेले तेव्हा आमच्याकडे साधे मोबाईल होते. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

विरारमधल्या एका दुकानात कॅसेट साफ करून सीडी बनवून मिळत होती. दुकानदाराने विचारलं, "शेवटचा तुकडा खराब आहे, गाणंबिणं काही नाही. कापून टाकू?" मला घरी जायची घाई होती. आहे तसं राहू द्या, म्हटलं.

माळ्यावरचा जुना सीडी प्लेअर काढून जोडला. आई टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली आणि गाणी सुरू झाली. आमच्या शूटिंगवाल्याला शांतता म्हणून सहन होत नसावी. हळदीवर गाणं, मंगलाष्टकांवर गाणं. पडद्यावर मला कमळाच्या चित्रातून बाहेर काढून गरागरा फिरवलं, तेव्हाही गाणंच. मधूनमधून बाबा दिसायचे, त्यांचे ओठ हलायचे आणि आवाज भलत्याच बाईचा यायचा. त्या शूटिंगवाल्याचा मला असा राग आला की समोर असता तर चार शब्द सुनावले असते. आई नुसती पदराशी चाळा करत होती. तिच्याकडे बघवेना.

पाठवणीत मी रडले, त्यावर व्हायोलिन. ते मध्येच तुटलं. मग मांडवातला भांड्यांचा आवाज, हलणारं चित्र आणि खांद्यावर टॉवेल टाकून कॅमेऱ्यासमोर उभे बाबा. ज्याच्यावर मी इतकी चिडले होते, त्याच माणसाशी ते बोलत होते.

"माजं काय शूटिंग काढतोस? सकाळपासून उभा हायस, पानी तरी पिलास का? बंद कर ते नि जेवून घे आदी."

त्याने खरंच बंद केलं. पडदा निळा झाला. माझे डोळे भरून आले होते. पुन्हा लावावं म्हणून मी रिमोट शोधू लागले.

"जेवला तो," आई त्या निळ्या पडद्याला म्हणाली. "मीच वाढलं त्याला. तुमीच राहिलात जेवायचे."