कपाटात झालेला खर्च

"मैडम, दिल्ली ने पैसा छोड़ दिया है. लिखिए, डीलर माल उठा लें." श्रीवास्तव साहेबांनी माझी नोट परत माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं होतं, सरकारी खर्चाचा आकडा तपासेपर्यंत थांबावं.

नव्वदच्या दशकात मी लखनौला एका सिमेंट कंपनीच्या रीजनल ऑफिसात होते. केंद्र सरकारच्या खर्चाचे महिन्याचे आकडे पाहायचे आणि सिमेंटची मागणी वाढेल की घटेल ते साहेबांना सांगायचं, हे माझं काम. सरकारनं रस्ते-पुलांवर हात सैल सोडला की महिन्या-दीड महिन्यात कंत्राटदार पोती उचलतात, असा ठोकताळा होता. त्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत सगळं थंड होतं आणि मार्चचा आकडा एकदम उसळला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तेलीबागचे आमचे डीलर तिवारीजी रोज फोन करायचे. हार्डवेअरच्या दुकानातून साठवलेलं सगळं त्यांना सिमेंटमध्ये घालायचं होतं. हिवाळ्यात मुलीचं लग्न होतं.

"बिटिया, तुम कहो तो उठा लूँ?"

"चाचाजी, दो दिन रुकिए."

दुसऱ्या दिवशी मी चारबागहून ऑटो करून रस्त्यांची कामं पाहणाऱ्या एका सरकारी ऑफिसात गेले. या उन्हाळ्यात सिमेंट किती लागेल, एवढंच विचारलं. तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, भला माणूस. त्यांनी चहा मागवला आणि मोठ्या अभिमानानं लोखंडी कपाट उघडलं. आत बँकेच्या ड्राफ्टांची चळत होती. सगळ्यांवर एकतीस मार्च.

"एक पैसा लैप्स नहीं होने दिया, मैडम!"

लॅप्स म्हणजे वर्षअखेर न वापरलेला पैसा परत जाणं. तो परत गेला की पुढच्या वर्षी कमी मिळतो. म्हणून मार्चमध्ये पैसे काढायचे, ड्राफ्ट करायचे आणि कुलूप लावायचं. दिल्लीच्या हिशेबात खर्च झाला.

"और काम?"

"पहले टेंडर तो निकलें! बरसात के बाद देखेंगे."

मी धावत ऑफिसात आले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसले. "अब आप अलमारी देखकर इकॉनमी नापेंगी?" त्यांना मुंबईच्या हेड ऑफिसला विक्री दाखवायची होती. त्यांनी डीलरांसाठी 'माल उचला' असं सर्क्युलर टाइप करवून माझ्यापुढे ठेवलं. खाली माझं नाव होतं. "साइन कीजिए. प्रमोशन की फाइल भी इसी टेबल पर है."

मी सही केली. घाबरले म्हणून केली, दुसरं कारण नाही. तिवारीजींना फोन करायचं मनात होतं, पण त्यांनी साहेबांना सांगितलं तर, या विचारानं तोही केला नाही.

तिवारीजींनी भाड्याचं गोदाम घेऊन छतापर्यंत पोती लावली. उन्हाळाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही. पावसाळ्यात ओल धरून सिमेंटचे धोंडे झाले. दिवाळीनंतर रस्त्यांची कामं निघाली, तेव्हा तो पैसा मार्चमध्येच मोजून झाल्यानं दिल्लीचा खर्चाचा आकडा पडलेला होता आणि साहेब डीलरांना हात आखडा म्हणत होते. तिवारीजींना ते सांगावंही लागलं नाही. त्यांच्याकडे माल घ्यायला पैसाच उरला नव्हता. लग्न एक वर्ष पुढे गेलं.

त्या हिवाळ्यात मी तेलीबागला गेले. दुकानापुढे त्या घट्ट पोत्यांच्याच पायऱ्या केलेल्या होत्या. मी खालीच उभी राहिले. तिवारीजींनी नेहमीसारखी खुर्ची पुसून दिली. मग म्हणाले, "कंपनी के कागज तो बहुत आते हैं, बिटिया. मैंने तुम्हारा दस्तखत देखकर उठाया था."

सरकारी पैसा निघाला आणि कामाला लागला, यात एक अख्खा पावसाळा बसतो, हे मी पुढे नव्या मुलांना शिकवत आले. शंका आली की नोट लिहून भागत नाही, सही मागतील तेव्हाही त्या नोटवर ठाम राहावं लागतं. हे मात्र शिकवताना माझा आवाज जरा खालीच येतो.