मधल्या उंचीचा क्यू

दुकानात शिरल्याबरोबर क्लचमास्तरांनी आयुष्यभर प्रत्येक दुकानात विचारलेला प्रश्न विचारला, "मधला दाखवता का?"

मागून आत आलेल्या त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. घरून निघताना तिने कबूल करून घेतलं होतं की आज मधला नाही म्हणजे नाही. घरातला पंखा मधला, चष्म्याची फ्रेम मधली, मुलीच्या लग्नात घेतलेला कोटसुद्धा मधला. सगळ्यात स्वस्त घेतलं तर लोक हसतात आणि सगळ्यात महाग घेतलं तर आपल्यालाच झोप लागत नाही, असं मास्तरांचं साधं गणित होतं. बायको टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाली होती. थकबाकी हातात आल्यावर तिने त्यातला चांगला जाड हिस्सा बाजूला काढला आणि नवऱ्याला सांगितलं, "यात तुमचा स्नूकरचा क्यू. दुकानात असेल तो सगळ्यात चांगला. पैसे उरवून आणलेत तर दार उघडणार नाही."

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. निम्म्या गावाने त्यांच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकला होता आणि "क्लच, क्लच" हा त्यांचा घोष ऐकला होता. तेच त्यांचं नाव पडलं. आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांचा जन्म गेला. जावयाच्या गाडीत बसले तरी वळण आलं की त्यांचा पाय आपोआप खालची चटई दाबायचा आणि जावई बिचारा हिरमुसायचा. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका पोटात घालायच्या आणि रविवारी सकाळी क्लबात जाऊन मनसोक्त स्वतःच्या करायच्या, हे त्यांचं सुख होतं.

क्लब म्हणजे पोस्टाच्या वरच्या मजल्यावरचा एक लांबट हॉल. स्नूकरची दोन टेबलं, त्यांच्यावर खाली सोडलेले दिवे आणि बसलं की कुरकुरणारी बाकं. कंपाउंडर त्यांना तिथेच भेटला. दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधणारा, मास्तरांच्या खांद्याला जेमतेम लागणारा, पण बोलायला लागला की सगळ्या हॉलला पुरून उरणारा. दोघेही तेव्हा सडेफटिंग होते आणि दोघांचेही पगार तुटपुंजे. क्लबातले क्यू शंभर हातांनी घासून गुळगुळीत झालेले, काही तर इतके वाकडे की टेबलावर ठेवले की डुगडुगत गडगडायचे. म्हणून दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून एक चांगला क्यू करून घ्यायचं ठरवलं.

लांबी कुणाच्या मापाची ठेवायची यावर आठवडाभर जुंपली. मास्तर ताडमाड, कंपाउंडर हा असा. शेवटी मास्तरांनीच तोडगा काढला, आणि तो काय असणार हे सांगायला नको. दोघांच्या मापांच्या बरोब्बर मधली लांबी. तेव्हाचा कारागीर नको नको म्हणत होता, पण हे दोघे ऐकतात कशाला. तो क्यू मास्तरांना आखूड पडला आणि कंपाउंडरला लांब. दोघांचंही सारखंच नुकसान झाल्यामुळे भांडायला जागा उरली नाही.

पुढची सगळी वर्षं ते दोघे त्या एका क्यूने एकमेकांविरुद्ध खेळले. बाकीचे खेळाडू आपल्या क्यूला दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत, पेटीत घालून कुलूप लावायचे. इथे एकाचा फटका चुकला की त्याने स्वतःच्या हाताने क्यू समोरच्याला द्यायचा. आधीच चुकल्याची चिडचिड, त्यात ज्याला हरवायचं त्यालाच हत्यार द्यायचं. कंपाउंडर क्यू घेताना दर वेळी कमरेत वाकून म्हणायचा, "आभारी आहे, मालक." मास्तरांच्या डोक्यात तिडीक जायची. काय दिवस होते ते. लग्नं झाली, पोरं झाली, केस गेले, पण रविवार काही चुकला नाही.

मग गेल्या वर्षी कंपाउंडर मुलाकडे राहायला गेला, दूरच्या गावी. बसजवळ "तू ठेव", "नाही, तू ठेव" असं बराच वेळ चाललं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवल्यावर मास्तरांनी तो क्यू खिडकीतून आत ढकलला आणि मागे वळून न बघता चालू लागले. त्यानंतर ते एक-दोनदा क्लबात गेले. मग जाणंच सोडलं. घरात बसून खिडकीतून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांच्या चुका काढू लागले, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं की हे काही खरं नाही.

आताचा कारागीर पन्नाशीचा होता, कानावर पेन्सिल खोचलेला. त्याने टेपने जमिनीपासून मास्तरांच्या खांद्यापर्यंत माप घेतलं आणि तीन क्यू काढले. साधा, मधला आणि तो. तिसऱ्याच्या मुठीचं काळंभोर लाकूड हाताला लोण्यासारखं लागत होतं.

"मारून बघा," तो म्हणाला.

दुकानाच्या मागच्या बाजूला टेबल होतं. मास्तर वाकले. वाकले म्हणजे किती, तर नेहमीच्या निम्मेसुद्धा नाही. पाठ दुखली नाही, कोपर आपसूक जागेवर आला. टेबलाच्या पार टोकाचा लाल बॉल त्यांनी सहज पॉकेटात घातला. मग काळा. मग आणखी एक लाल. असं आपल्याला खेळता येतं हे त्यांना या वयात कळत होतं, आणि त्याचा आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. पुढचा फटका चुकला. मास्तर सरळ झाले आणि त्यांनी क्यू कारागिरापुढे धरला.

"काय झालं काका, आवडला नाही?"

मास्तर ओशाळले. "नाही, नाही. सवय."

स्टुलावर बसलेली बायको उगीचच भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागली.

"आधीचा क्यू तुम्हाला कुणी कापून दिला होता?" कारागीर म्हणाला. "दर फटक्याला आधी कमरेचं पार धनुष्य करायला जाता तुम्ही, मग सावरता. त्याला माप कळत नव्हतं."

"त्याला कळत होतं. आम्हालाच नको होतं." मास्तरांनी क्यू अलगद टेबलावर ठेवला. "एक फोन करून येतो."

ते फुटपाथवर आले. कंपाउंडरने फोन उचलला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "क्लच सोड, मग बोल." इकडचं तिकडचं झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "खेळतोस का तिथं?"

"टेबल आहे जवळच. जातो आणि बघत बसतो."

"का रे?"

"आपला क्यू बघून सगळे म्हणतात, तुमच्या मापाचा नाही हा, वीतभर कापून घ्या. मी म्हटलं, निम्मा दुसऱ्याचा आहे, विचारल्याशिवाय कसा कापू? आणि तुला विचारायचं धाडस होईना."

"कापू नकोस," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आत येऊन त्यांनी तिसऱ्या क्यूवरून एकदा हात फिरवला. हवा होता तो त्यांना, अगदी मनापासून. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी सगळ्यात महाग वस्तू हवीशी वाटली होती.

"मधले द्या," ते म्हणाले. "दोन. तिसऱ्याच्या किमतीत बसतात ना?"

"बसतात," कारागीर म्हणाला.

"अहो, आपलं काय ठरलं होतं?" बायको म्हणाली.

"पैसे उरवायचे नाहीत असं ठरलं होतं. नाही उरवत. दुसरा त्याला. नेऊन देतो मी."

"एक तुमच्या मापाचा. दुसऱ्यासाठी तो माणूस लागेल समोर," कारागीर म्हणाला.

"लागणार नाही." मास्तरांनी तळहात आडवा करून आपल्या खांद्याशी धरला. "त्याचं डोकं इथं येतं. यावरून काढा तुमचा हिशोब."

कारागिराने टेपचं टोक जमिनीवर टेकवलं.

"दोन बोटं खाली घ्या हात," बायको स्टुलावरून म्हणाली.

"का?"

"भाऊजी पहिल्यापासून बुटांच्या टाचा आतून उंच करून घ्यायचे. मोच्याकडे गाठ पडायची आमची. मास्तरांना सांगू नका म्हणाले होते. आता या वयात कुठल्या घालतायत."

मास्तरांनी मनाशी हिशोब केला. म्हणजे क्यूचं माप ठरलं त्या दिवशीसुद्धा कंपाउंडर त्या उंच टाचांवरच उभा होता, आणि मधलं माप त्याच्यासाठी आणखी लांब निघालं होतं. दोघांचं नुकसान सारखं कधी नव्हतंच. त्याचंच जास्त होत होतं आणि बोलायला एवढा पटाईत माणूस त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

त्यांनी हात दोन बोटं खाली घेतला आणि टेप वर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.