सूपभर कोंड्याच्या बदल्यात

इतकी वर्षं लोटली, पण आर्णीकडच्या त्या खोलीतलं तान्हं मूल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मागच्या महिन्यात माझी पत्नी गेली. तेव्हापासून ते प्रकरण अधिकच आठवतं, कारण तपास माझ्या नावावर असला तरी त्याचा उलगडा तिच्या एका प्रश्नाने झाला. हात आता सावकाश चालतो, जमेल तसं लिहितो. नाव कुणाचंच देत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी पुण्याकडचा, यवतमाळ जिल्ह्यात ठाणेदार म्हणून नवा होतो. बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांसाठी काही करावं म्हणून विकास गटाकडून गावोगावच्या महिला मंडळांना लहान लहान अनुदानं मिळू लागली होती. माझ्या हद्दीतल्या एका मंडळाने त्यातून ग्रामपंचायतीच्या रिकाम्या खोलीला चुना मारला. लोखंडी खाट, स्टोव्ह, कात्री उकळायचं पातेलं, मुलं तोलायचा काटा आणि एक नर्सबाई, एवढाच तो कारभार. बाई वर्ध्याकडची, विधवा, कमी बोलणारी.

वेचणीच्या हंगामात एक दिवस कापसाचा एक दलाल ठाण्यात आला. अंगात कोट, डोक्यावर टोपी, नाकपुडीवर देवीच्या वणासारखा बारीक खड्डा. खुर्ची पुढे ओढून तो हळू आवाजात म्हणाला, "ठाणेदार साहेब, ते नर्सबाई लेकरं इकत घेऊन राह्यली. सरकारच्या खोलीत बसून."

त्याने स्वतः पाहिलं होतं म्हणे. तोंडावर पदर ओढलेल्या गावातल्या एका बाईने आपलं नुकतं जन्मलेलं पोर उंबऱ्यावरून आत दिलं आणि नर्सबाईने तिच्या पदरात काहीतरी टाकलं. पुढे मूल नागपूरकडे जात असावं, असा त्याचा तर्क. आणखी कोणी पाहिलं, असं विचारल्यावर म्हणाला, "गावाले इचारा. कोनी बोलनार नाई."

न बोलावता खबर द्यायला येणाऱ्याचा त्यात फायदा काय, हे पोलिसाने आधी पाहायचं असतं. हवालदाराकडून कळलं की मंडळाला मिळण्याआधी त्या खोलीत या दलालाचा कापूस भरलेला असे. पण खबऱ्याचा हेतू वाईट म्हणून खबर खोटी ठरत नाही. मी डायरीत नोंद केली, वर कळवलं. गटविकास अधिकाऱ्यांनी माझा अहवाल येईपर्यंत अनुदानाचा पुढचा हप्ता थांबवला.

साध्या वेशातला शिपाई पाळतीवर ठेवला. त्याने सांगितलं ते विचित्र होतं. मूल खोलीतच होतं. रोज सकाळी एक तरुण बाई केरसुणी घेऊन आत जाई, दुपारी घरी जाऊन पुन्हा येई, संध्याकाळी परते आणि रात्रीही एक-दोन खेपा करी. पण अंगण झाडलेलं कधी दिसलं नाही. गावात चौकशी केली तर माणसं आभाळाकडे बघत. हवालदार वैतागून म्हणाला, "साहेब, या गावात बैल इकला तं दहा जन भाव सांगतेत. आन् लेकराचं कोनालेच मालूम नाई?"

मग आम्ही खोलीची झडती घेतली. काही लपवलेलं सापडलं नाही. कोपऱ्यात झोळीत मूल होतं, नाकात काळा दोरा ओवलेलं. नर्सबाईला विचारलं, हे कुणाचं? ती शांतपणे म्हणाली, "माझं."

विधवेने असं म्हणायचं म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. हवालदाराने मान खाली घातली. जन्म कुठे झाला, बाप कोण, या प्रश्नांना तिने उत्तर दिलं नाही. कागद वर गेल्यावर अटक होईल, असं सांगितलं. ती म्हणाली, करा.

केरसुणीवाली दाराशी उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मी झाडाले येतो." मूल कुणाचं? तिने केरसुणी या हातातून त्या हातात घेतली. मी आवाज चढवला. तू खरं सांगितलं नाहीस तर ही बाई तुरुंगात जाईल आणि ही खोली बंद होईल, असं बजावलं. ती एकदा बाईकडे, एकदा झोळीकडे बघे. मी पुष्कळ गुन्हेगार पाहिले होते, त्यामुळे भीती ओळखू येई. ही भीती पोलिसाची नव्हती.

तेवढ्यात तिची सासू आली. काठी टेकवत सरळ माझ्यापुढे उभी राहिली. "साहेब, तिले नोका इचारू. तिची दोन गेली, पाळन्यातच. हे तिसरं. म्हून जन्मल्याबरोबर बाईले देऊन टाकलं, सूपभर कोंडा घेऊन. नाक टोचलं. आता हे आमचं नाई. आमचं नाई म्हून तं जगून राह्यलं. वर्साचं झालं का परत घेऊ. तवरक तिनं माहं म्हटलं, का गेलं ते."

नर्सबाईने मग पहिल्यांदा तोंड उघडलं. या अटीवरच सून बाळंतपणाला खोलीत आली होती. बाई नाही म्हणाली असती तर ती घरीच, जुन्या विळ्याने नाळ कापून घेत बाळंत झाली असती. "मी शब्द दिलाय," एवढंच ती म्हणाली.

गोष्ट पटण्यासारखी होती, आणि म्हणूनच मला तिचा संशय आला. पढवलेली साक्ष अशीच सुबक असते. शिवाय सासूच्या सांगण्याने भागणार नव्हतं. आईने स्वतः सांगायला हवं होतं, आणि आपण सांगितलं तर मूल मरेल अशी तिची खात्री होती. बाईला वाचवायचं की पोराला, अशा कात्रीत मी तिला धरलं होतं. विचार कर, उद्या पुन्हा येतो, असं सांगून मी निघालो.

घरी जेवताना विषय निघाला. मी तपासाचं घरी सहसा बोलत नसे. पत्नीने सगळं ऐकून घेतलं, पोळी वाढली आणि विचारलं, "अहो, झडतीत दुधाची बाटली सापडली का?"

नाही, म्हणालो.

"डबा? वाटी-चमचा? बोंडलं?"

काहीच नव्हतं. खोलीत काय आहे याची यादी आम्ही केली होती, काय नाही याची केली नव्हती.

"मग ते पोर जगतंय कशावर?" ती म्हणाली. "आणि ती केरसुणी घेऊन कशाला जाते, हे तिच्या तोंडून वदवायलाच हवं का?"

जबाब बोलण्याचा असतो, पंचनामा दिसण्याचा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून दोन वयस्क बायका पंच म्हणून आणल्या. नर्सबाईला बाहेर बसवलं. आम्ही पुरुष खोलीकडे पाठ करून ओसरीवर बसलो. आत पंच, केरसुणीवाली आणि झोळीतलं मूल. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, अशी माझी सूचना होती.

मूल रडू लागलं. बराच वेळ रडत राहिलं. हवालदार बोटं मोडत बसला. मग आत बांगड्या वाजल्या आणि रडणं एकदम थांबलं.

पंचांनी पाहिलं ते मी उतरवून घेतलं: खोलीत वरच्या दुधाचं काही साधन नाही, झाडायला आलेल्या बाईने मुलास अंगावर पाजलं, मूल तिच्या कुशीत शांत झालं. मूल कुणाचं वाटतं, असं मी त्यांतल्या थोरलीला विचारलं. ती म्हणाली, "पायलं ते सांगतलं, भाऊ. बाकी कायले बोलाले लावता?" मी आईच्या नावाचा रकाना कोरा सोडला. मूल विकून कुठे गेलं नव्हतं, रोज अंगावरच्या दुधावर वाढत होतं, एवढं अहवालाला पुरेसं होतं.

दलालाला ठाण्यात बोलावलं. तो बसल्यावर त्याच्या नाकपुडीकडे नीट पाहिलं. तो वण देवीचा नव्हता. विचारलं, "नाक कधी टोचलं?"

त्याचा हात आपोआप नाकाशी गेला. "लहानपनी."

"का?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "माह्या आधीचे तीन गेले होते."

म्हणजे त्या उंबऱ्यावर काय चाललंय ते तुम्हाला पाहताक्षणी कळलं होतं, असं मी म्हणालो. त्याने ते नाकारलं नाही. फक्त म्हणाला, "मंग माहा कापूस मी कुठं ठेवू, साहेब?"

खोटी खबर दिल्याबद्दल त्याला लेखी समज दिली. हप्ता सुटला. खोलीपुढे बायका येऊन बसू लागल्या.

मूल वर्षाचं झालं तेव्हा सासूने माझ्या पत्नीला बोलावणं धाडलं. आईने भरल्या सुपाने कोंडा आणला, बाईच्या ओटीत घातला आणि पोर उंबऱ्यावरून परत घेतलं. अंगणात जाऊन त्याच्या कानाशी एकदाच म्हणाली, "माहा." पत्नीने घरी येऊन एवढंच सांगितलं आणि आत गेली. आमचंही पहिलं मूल राहिलं नव्हतं. त्याबद्दल ती त्या दिवशीही बोलली नाही, नंतरही नाही, आणि मी विचारलं नाही.

समोरच्याला बोलतं करणं म्हणजेच तपास, असं मी तोवर मानत होतो. काही माणसं गप्प राहतात ती लपवण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी, हे मला त्या खोलीत कळलं. आता सांत्वनाला येणारे म्हणतात, साहेब, बोला, मन मोकळं करा. नोकरीभर मी लोकांना हेच सांगत आलो. मी मान हलवतो, त्यांना चहा देतो, आणि तिच्याबद्दल काही बोलत नाही.