एकाच वाटेचं कोडं

विमलताईंची आणि माझी पहिली भेट आटपाडीजवळच्या एका माळावर झाली. त्या इतिहासाच्या ज्येष्ठ अभ्यासक, मी नवखा प्राध्यापक. माळावर कुणी, कधी मांडली हे कुणालाच ठाऊक नसलेली, दगडांची एकात एक रिंगणं होती. लोक त्यांना 'कोडं' म्हणत. आत शिरलं की घराला दोष लागतो, असा समज होता. रानमालकाची नवी सून शेळीमागं धावताना आत गेली होती. पुढं मूल झालं नाही, आणि सगळा ठपका तिच्यावर आला. आम्ही पोहोचलो, तेव्हा तिला कायमचं माहेरी धाडायला पिशवी भरून ठेवली होती.

ताईंनी सासूबाईंना विचारलं, "तुम्ही कधी आत गेलाय?"

"न्हाई बा. भाईर यायची वाट घावत न्हाई म्हणत्यात."

"मग चला. सुनेचा हात धरा."

ताई पुढे, त्या दोघी मागे. वाट वळत वळत मध्यापर्यंत गेली, त्याच वाटेनं सगळ्या परत आल्या. कुठेही फाटा नव्हता. सासूबाई दगडांकडे बघत राहिल्या.

"वाट तर एकच हाय की," त्या म्हणाल्या. मग सुनेला, "ती पिशवी आत ठिव जा. भाकरी टाकायच्यात."

त्या भाकरी आम्हीही खाल्ल्या. ताईंच्या शिस्तीप्रमाणे गाडीच्या चालकाचं ताट आधी वाढलं गेलं.

हीच आकृती समुद्रापलीकडच्या जुन्या नाण्यांवर आहे. दूर उत्तरेच्या किनाऱ्यांवरही अशीच रिंगणं आहेत. अशा खुणांमागं ताईंनी आयुष्य वेचलं, पण अर्थ विचारला की त्या सरळ "ठाऊक नाही" म्हणतात. सांगलीच्या व्याख्यानात अशा खुणांखाली पुरलेल्या गुप्तधनाचा पत्ता ऐकायला आलेली मंडळी हिरमुसून गेली. आमच्या लेखात 'निश्चितच' दिसलं, की ताई विचारतात, "तुम्ही होता का तिथं?" हे फार झोंबतं, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. न कळलेल्या खुणेचा दोष जित्या माणसाच्या माथी मारू नये, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख लिहिण्याआधी त्या माळावर जाऊन आलो. त्या घरात पाळणा हललेला नाही. सासू-सुना ओसरीवर शेंगा फोडत होत्या. ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं मी लिहिणारच होतो, पण सासूबाईंनी निरोप दिलाय, तोच पोचवतो: "बाईंला म्हणावं, लय जगा. आमी दोघी हाय हितंच."